रुग्णाच्या शेजारी बसणारी माणसे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात दवाखान्याविषयी बोलण्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी आयुष्यभर हायस्कुलात मास्तर होतो, डॉक्टर नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर मला सभासद म्हणून घेण्यात आले. तेथे बसल्यावर माझ्या असे ध्यानात आले की, वर्गात जो मुलगा प्रश्न विचारायला घाबरतो, तोच मोठा झाल्यावर डॉक्टरांसमोर गप्प बसतो. तेव्हा हा प्रश्न जितका आरोग्याचा, तितकाच तालिमीचाही आहे. म्हणूनच तो मी आपणापुढे मांडीत आहे.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो.

आमच्या अम्मीला बरीच वर्षे मधुमेह होता. दर महिन्याला मी तिला तपासणीस घेऊन जात असे. फाईल माझ्या हातात, अम्मी स्टुलावर. डॉक्टर विचारीत, "झोप लागते का?" उत्तर मी देई. "गोळ्या वेळेवर घेतात ना?" त्याचेही उत्तर मीच देई. असे कित्येक महिने चालले. मग रमजान आला. अम्मीने कोणालाही न विचारता सकाळची गोळी सहरीला आणि रात्रीची इफ्तारनंतर घ्यावयास सुरुवात केली. सहरीला तिचे खाणे ते किती? अर्धी भाकरी आणि कपभर चहा. दहाव्या रोज्याच्या दिवशी असरच्या नमाजासाठी वजू करताना ती घामाघूम झाली, काहीबाही बोलू लागली आणि मोरीतच कोसळली. रक्तातली साखर एकदम उतरली होती. शेजारच्या मुलाने रिक्षा आणली, रुग्णालयात शिरेतून साखर दिली गेली आणि अल्लाहच्या मेहेरबानीने ती वाचली.

डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, रोजे धरतात हे मला आधी सांगायला हवे होते. गोळी आणि तिची वेळ दोन्ही बदलून दिली असती." मी म्हणालो, "आपणही विचारले नाहीत." आम्ही दोघेही खरेच बोलत होतो. रात्री मी खाटेशी बसलो असता अम्मी म्हणाली, "डॉक्टरांनी तुला विचारले, तू सांगितलेस. मला कोणी विचारले?"

मित्रहो, त्या एका वाक्याचा अर्थ लागायला मला पुष्कळ काळ लागला. आजचे माझे भाषण म्हणजे त्या वाक्यावरचे भाष्य आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. ज्यांना मधुमेह आहे आणि रोजे धरण्याची इच्छा आहे, त्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. कोणाची मात्रा बदलावी लागते, तर कोणी रोजा धरूच नये असे डॉक्टरांना सांगावे लागते. आजाऱ्याला सवलत आहे हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आणि रोज्यात साखर फार उतरली असे वाटल्यास तेथेच रोजा सोडावा, वाट पाहू नये.

आता मूळ विषयाकडे वळतो. रुग्णाचा सहभाग म्हणजे काय? त्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली, स्वतःच्या उपचारात सहभाग. आपल्याला काय झाले आहे, औषध कशासाठी आहे, दुसरा मार्ग आहे काय, हे विचारणे आणि आपले राहणीमान, आपली अडचण डॉक्टरांना सांगणे. दुसरी, दवाखाना कसा चालावा हे ठरविण्यात सहभाग. खिडकी किती वाजता उघडावी, बाक कोठे असावेत, पैसा कशावर खर्च व्हावा, हे ठरविताना ज्याला तेथे रांगेत उभे राहावे लागते त्याचेही मत असणे.

ही कल्पना नवी नव्हे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये अल्मा-आटा येथे झालेल्या जागतिक परिषदेने जाहीर केले होते की, आरोग्यसेवेच्या आखणीत व अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. त्याच्याही आठ वर्षे अगोदर, १९७० साली, आपल्याच महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन काम सुरू केले होते. गावात शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. आपल्या गावाचे आरोग्य आपण पाहू शकतो, हा विश्वास त्या स्त्रियांत निर्माण झाला. लिहिता-वाचता न येणारी बाई हे करू शकली, तर बारावी शिकलेली आपली मुलगी का करू शकणार नाही?

पुढे सरकारनेही दारे उघडली. १९९४ च्या सुरतेच्या प्लेगनंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात लोकांच्या साहाय्याने जी सुधारणा झाली, तिच्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि अशा समित्या देशभर झाल्या. महाराष्ट्रात तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. त्याच अभियानात लोकाधारित देखरेख हा उपक्रम निघाला. आपल्या राज्यात त्याची सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. शाळेत आम्ही मुलांना प्रगतिपुस्तक देतो. येथे लोक दवाखान्याला देऊ लागले.

इतके सगळे असता मग उणे कोठे आहे? ते मी दुसऱ्याकडे बोट न दाखविता, स्वतःचीच गोष्ट सांगून स्पष्ट करतो.

समितीवर मी दोन वर्षे बसलो. बैठकीची चिठ्ठी येई, मी स्वच्छ कपडे घालून जाई, चहा-बिस्कीट होई, इतिवृत्तावर सही करून मी घरी येई. समितीकडे रुग्णालयाच्या सोयींसाठी निधी असतो. एका बैठकीत फाटकाला रंग आणि दर्शनी भागात कुंड्या ठेवण्याचा ठराव आला. मी सही केली. त्याच सुमारास माझी सून रक्त तपासून घेण्यास गेली होती. ती घरी येऊन आमच्या घरातून म्हणाली (मला सांगायला तिला संकोच वाटला), "तिथे बायकांच्या संडासाला आतून कडीच नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि नंबर लागायच्या आतच कितीतरी जणी परत जातात."

बंधु-भगिनींनो, एका कडीला किती पैसे पडतात? मी दोन वर्षे त्या समितीत बसत होतो आणि मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक कसे होणार? मी कधी त्या रांगेत बसलो नव्हतो, आणि जी बसत होती तिला त्या खोलीत कोणी बोलाविले नव्हते. तेव्हा मला कळले की, रुग्णांच्या नावाने एक खुर्ची ठेवल्याने रुग्णाचा सहभाग होत नाही. त्या खुर्चीच्या मागे काही माणसे उभी असावी लागतात. ऐकणारी, लिहून ठेवणारी आणि सोबत जाणारी. म्हणजेच एक पथक असावे लागते.

पुढच्या बैठकीत मी कडीचा विषय काढला. कोणी विरोध केला नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तर कपाळाला हात लावला. आठवडाभरात कडी बसली. मला सांगायचे ते हेच की, पुष्कळदा अडते ते वैराने नव्हे. एका बाजूचे दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही म्हणून अडते. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर सकाळपासून रांग असते. प्रत्येकाला मिळतात ती दोन-चार मिनिटे. त्यांना शत्रू समजून हे काम होणार नाही.

त्यानंतर आम्ही काही जणांनी मिळून सुरुवात केली. आम्ही मंडळाला नाव दिले नाही. लोकच "सोबती" म्हणू लागले. आपल्या कोकणात घरोघरचे पुरुष आखातात असतात. म्हाताऱ्या सासूला घेऊन, कडेवर मूल घेऊन सून एकटीच दवाखान्याचे जिने चढते. तिला सोबतीची किती गरज आहे हे मी आपणास सांगायला नको. काम करता करता आमच्या ध्यानात आले की अशा पथकात पाच कामे असतात. माणसे पाचच हवीत असे नाही, पण ही पाच कामे कोणीतरी अंगावर घेतलेली हवीत.

पहिले काम ऐकण्याचे. आदल्या दिवशी रुग्णाच्या घरी बसून त्याला काय विचारायचे आहे ते त्याच्याच तोंडून ऐकणे आणि तीनच प्रश्न एका कागदावर लिहून देणे. स्त्रीकडे स्त्रीनेच जावे. दुसऱ्या दिवशी खोलीत गेल्यावर आपण बोलायचे नाही. रुग्ण अडखळला तर कागद पुढे करायचा, इतकेच. मी अम्मीच्या वतीने बोलत होतो, ती चूक पथकाने पुन्हा करावयाची नाही.

दुसरे काम भाषेचे. आपल्या आयाबहिणी घरी कोकणी बोलतात, कोणी उर्दू बोलतात; कागदावर मराठी आणि इंग्रजी असते. "दिवसातून दोनदा जेवणाआधी" हे ज्याला नीट कळले नाही, त्याचे औषध वाया जाते, किंवा अपाय करते. बाहेर आल्यावर रुग्णाला विचारावे, "डॉक्टरांनी काय सांगितले, ते मला सांगा बरे." त्याला सांगता आले तर त्याला कळले. नाही आले, तर परत आत जाऊन विचारावे. त्यात लाज कसली?

तिसरे काम कागदांचे. केसपेपर, तपासणीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड हे सारे तारखेनुसार एका पिशवीत ठेवणे. पुष्कळांना ठाऊक नसते की, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांसाठी जे सुधारित नियम केले, त्यांत रुग्णहक्कांची सनद आणि दरांची माहिती दर्शनी भागात लावण्यास सांगितले आहे. ती भिंतीवर आहे की नाही, हे पाहण्यास डोळे हवेत. आणि वाचण्यास आपली मुले आहेतच.

चौथे काम योजनांच्या माहितीचे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला प्रथम भेटावे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली आहे. दागिना गहाण टाकण्यापूर्वी या दोन ठिकाणी चौकशी झालीच पाहिजे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता ज्या त्या वेळी विचारून घ्यावे.

पाचवे काम नोंदवहीचे. हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. एका माणसाची तक्रार ही तक्रार ठरते. तीच गोष्ट वहीत वीस वेळा आली तर तो मुद्दा होतो. आमच्या वहीत वारंवार येऊ लागले की लांबच्या गावची माणसे डॉक्टरांना भेटेपर्यंत औषधाची खिडकी बंद झालेली असते. मग एक तर बाहेरून औषध घ्या, नाही तर उद्या पुन्हा गाडीभाडे खर्चून या. तारखा आणि वेळा लिहिलेली ती पाने मी बैठकीत ठेवली. वाद झाला नाही. शेवटचा रुग्ण तपासून होईपर्यंत खिडकी उघडी ठेवण्याचे ठरले. आणि जे ठरले ते ज्यांनी सांगितले होते त्यांच्या घरी जाऊन आम्ही कळविले. हे विसरू नका. माणूस एकदा सांगतो. सांगितल्याचे काय झाले हे कळले नाही, तर दुसऱ्यांदा सांगत नाही.

हे सारे ऐकून आपणास वाटेल की मास्तरांचे काम छान चालले. तसे नाही. आमच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील.

आमच्यातल्या एका उत्साही सोबतीने एका लग्नघरी बोलता बोलता सांगितले की, अमक्याच्या मुलीला क्षयाचे औषध चालू आहे. मीच आणून देते. तिच्या मनात वाईट काही नव्हते. आपण सेवा करतो या आनंदात ती बोलली. पण आठ दिवसांत त्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. मुलीने औषध घेणे सोडले. आम्ही घरी गेलो तर तिच्या आईने दार लावून घेतले. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग अधिक हट्टी होतो, हे आपण जाणता. दवाखान्यातील एका परिचारिकेने अनेक फेऱ्या घातल्या, तेव्हा कोठे औषध पुन्हा सुरू झाले. मुलगी आज बरी आहे. पण त्या घराचा उंबरठा आम्हाला पुन्हा ओलांडता आला नाही. दोष त्या सोबतीचा कमी आणि माझा अधिक. पथक उभारण्याच्या घाईत, तोंड कोठे बंद ठेवायचे हे मी कोणालाच शिकविले नव्हते.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. रुग्णाचे नाव आणि आजार घरात नवऱ्याला, बायकोलाही सांगायचा नाही. नोंदवहीत नाव लिहायचे नाही. गाव, तारीख आणि अडचण एवढेच लिहायचे. औषध सुचवायचे नाही; तो डॉक्टरांचा अधिकार. कोणाकडून पैसे, भेट घ्यायची नाही. परंतु सोबत जाणाऱ्याचे गाडीभाडे मंडळाने द्यायचे, नाही तर केवळ खात्यापित्या घरची माणसेच या कामात उरतील. निर्णय रुग्णाचा, तो आपल्याला पटला नाही तरी त्याचाच. बाकावर शेजारी बसलेला माणूस कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे हे विचारायचे नाही. आणि शेवटचा नियम, पथकात निदान निम्मी माणसे अशी हवीत, ज्यांनी स्वतः किंवा घरी दीर्घ आजार काढला आहे. शिकलेल्या माणसाला वाचून जे कळत नाही, ते त्यांना खाटेवर पडून कळलेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मुंबईची नंदिता वेंकटेसन ही तरुणी तुम्हाला ठाऊक असावी. क्षयाच्या उपचारात, औषधाच्या दुष्परिणामाने, २०१३ साली तिची श्रवणशक्ती गेली. ती खचून बसली नाही. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले हीही त्याच दुखण्यातून गेलेली. त्या दोघींनी मिळून बेडाक्विलिन या औषधावरील मक्तेदारी वाढवून मिळू नये म्हणून २०१९ साली भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे इतर कंपन्यांना ते औषध स्वस्तात बनविण्याची वाट मोकळी झाली. या दोघी डॉक्टर नव्हत्या, वकीलही नव्हत्या. त्या रुग्ण होत्या, आणि त्यांच्या पाठीशी जाणती माणसे होती. रुग्णाचा आवाज कोठवर पोहोचू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. परंतु प्रत्येकाला एवढे मोठे काम करावे लागते असे नाही. कोणाला कडी बसवायची असते, कोणाला कागदावर तीन प्रश्न लिहायचे असतात.

आता संस्थेकडे आणि पालकांकडे माझे मागणे आहे. पैशाचे नव्हे. प्रत्येक मोहल्ल्यातून, प्रत्येक वाडीतून दोन माणसे द्या. त्यांत एक स्त्री असावी. महिन्यातून एक रविवार संस्थेने एक वर्ग मोकळा करून द्यावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना आपण तेथे बोलावू. ते शिकवतील, आणि आपणही त्यांना आपल्या घरची रीत सांगू. अकरावी-बारावीची मुले-मुली कागदांचे आणि नोंदवहीचे काम उत्तम करू शकतील. मात्र मुले शिकून बाहेरगावी जातात, म्हणून प्रत्येक मोठ्याच्या जोडीला एक लहान आणि प्रत्येक जुन्याच्या जोडीला एक नवा अशी जोडी ठेवावी. समितीवर मी आज आहे, उद्या नसेन. खुर्चीवर कोण बसते याला फारसे महत्त्व नाही. तिच्या मागे माणसे उभी आहेत की नाहीत, याला आहे.

आमची अम्मी आता या जगात नाही. त्या रमजाननंतर जितकी वर्षे ती होती, तितकी वर्षे मी तिच्यासोबत दवाखान्यात जात राहिलो. फाईल मात्र तिच्या हातात असे. डॉक्टर विचारीत, आणि ती आपल्या बोलीत, आपल्या सवडीने सांगे. कधी वेळ लागे. मागे रांगेतले लोक चुळबुळ करीत. डॉक्टर मात्र पेन खाली ठेवून ऐकत असत.

आपण घरी जाल तेव्हा आपल्या घरातील आजारी माणसाजवळ बसून एकदा विचारा, "तुम्हाला डॉक्टरांना काय सांगायचे आहे?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. पथकाची सुरुवात तेथूनच होते.